थुंकी नव्हे, बेडका : क्षयरोगाच्या तपासणीसाठी नमुना घेणे आणि तयार करणे

दवाखान्याच्या कागदावर ‘थुंकी तपासणी’ असं छापलेलं असतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. रुग्णाच्या हातात डबी देऊन ‘यात थुंकी आणा’ म्हटलं की तो अगदी प्रामाणिकपणे थुंकतो. डबीत येते पाणचट, फेसाळ लाळ. लाळ तोंडातली, क्षयाचे जंतू फुफ्फुसातले. मग काच कितीही नीट रंगवा, सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असो, अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि रुग्ण खोकत खोकत घरी जातो.

हा लेख नागपूर शहरात आणि जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या लॅब टेक्निशियनसाठी, टीबी हेल्थ व्हिजिटरसाठी आणि गावात डब्या वाटणाऱ्या आशाताईंसाठी आहे. ओघ रुग्णाच्या तोंडापासून काचेपर्यंत आणि मशीनपर्यंत ठेवला आहे. सुरुवातीच्या पाच मिनिटांवर मुद्दाम जास्त जागा खर्च केली आहे, कारण तिथे बिघडलेलं पुढे कुठल्याच रसायनाने दुरुस्त होत नाही.

कोणाचा नमुना, किती नमुने

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला, दोन आठवड्यांपासूनचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, खोकल्यातून रक्त, यातलं काहीही असलं तरी तपासणी करायची. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन आठवडे मोजत बसायचं नाही, खोकला कितीही दिवसांचा असो. कोळसा किंवा मँगनीज खाणीत, दगडाच्या क्रशरवर काम करणारा माणूस ‘धुळीचा खोकला आहे’ असं म्हणून वेळ घालवतो. सिलिकाच्या धुळीने फुफ्फुस खराब झालेल्यांना क्षयाचा धोका उलट जास्त असतो. सावनेर, उमरेड, रामटेक पट्ट्यात काम करताना हे लक्षात असू द्या.

नमुने दोन. पहिला जागेवरच, म्हणजे ‘स्पॉट’. दुसरा दुसऱ्या दिवशी पहाटेचा. रात्रभर छातीत साठलेला बेडका सकाळी निघतो, म्हणून पहाटेच्या नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता जास्त. रुग्ण लांबच्या गावचा असेल आणि उद्याची मजुरी बुडवून येणार नाही असं दिसत असेल, तर किमान एक तासाच्या अंतराने दोन्ही नमुने त्याच दिवशी घ्या. न आलेल्या पहाटेच्या नमुन्यापेक्षा हातात असलेला दुसरा स्पॉट नमुना बरा.

नमुना औषध सुरू होण्याआधी घ्यायचा. दोन-चार दिवस गोळ्या पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यातले जंतू कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) वाढतीलच याचा भरवसा राहत नाही.

रुग्णाला काय सांगायचं

‘थुंकी’ हा शब्द कागदावर राहू द्या, तोंडी वापरू नका. ‘बेडका’ म्हणा. नागपूरकडे ‘खकार’ म्हटलं की म्हातारीकोतारी माणसंही पटकन समजतात. ‘काकाजी, तोंडातला थुंका नाही पाहिजे आमाले. छातीतून खोकलून जो खकार निघते ना, तो पाहिजे.’ एवढं एक वाक्य नीट गेलं तर अर्धं काम झालं. सांगून भागत नसेल तर स्वतः खोल श्वास घेऊन, पोटावर हात ठेवून कसं खोकायचं ते करून दाखवा. हे करताना तोंडासमोर डबी धरून उभं राहायचं नाही आणि रुग्णाच्या समोर तर नाहीच.

दुसरी गोष्ट खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा गालात ठेवूनच माणूस रांगेत उभा असतो. त्याचे कण डबीत आले की तीन त्रास होतात. तांबूस रंगामुळे ‘रक्त पडतंय’ असा गैरसमज होतो. सुपारीचे तंतू स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरवलेल्या बेडक्याच्या थरात, जाड गुठळ्या करतात, रंग धरून ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नवख्याला चकवतात. आणि हेच कण सीबीनॅटच्या, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनच्या, कार्ट्रिजमध्ये गेले तर आतली गाळणी तुंबून मशीन तपासणी मध्येच थांबवतं. सकाळच्या पोहे-तर्रीचंही तेच. म्हणून डबी देण्याआधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा, त्याही समोर उभं राहून भरायला लावायच्या. जंतुनाशक माउथवॉश वापरू द्यायचा नाही. पहाटेच्या नमुन्यासाठी रात्रीच बजावून ठेवा : उठल्यावर चूळ, मग खकार, मग चहा. चहा आधी झाला तरी नमुना फेकून द्यायचा नसतो, पण चूळ मात्र हवीच.

खोकायची रीत अशी. उघड्यावर, माणसांपासून लांब, शक्यतो उन्हात आणि वाऱ्यात उभं राहायचं. संडासात, जिन्याखाली, प्रतीक्षागृहात किंवा प्रयोगशाळेच्या आत कधीच नाही. बंद जागेत खोकल्यातून उडालेले बारीक थेंब तासन्‌तास हवेत राहतात. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा, मग पोटातून जोर लावून खोकायचं. बेडका तोंडात आला की डबी खालच्या ओठाला लावून हळूच आत सोडायचा, लांबून थुंकायचा नाही. झाकण लगेच बंद. आपण रुग्णाच्या मागच्या बाजूला, वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहील असं उभं राहायचं. वारा कळत नसेल तर ओढणीच्या किंवा रुमालाच्या टोकाकडे बघा.

एकदा खोकून भागलं नाही तर परत. दोन मिली तरी हवं, दोन ते पाच मिली असेल तर उत्तम. डबीच्या तळाला एक चमचाभर असं रुग्णाला सांगता येतं. बेडका सुटतच नसेल तर थोडं चालून यायला सांगा, गरम पाणी प्यायला द्या, पाठीवर थापटा. बाटलीत पाणी घालून ‘भर’ दाखवणारे रुग्णही भेटतात. त्यांना रागावून उपयोग नाही, पुन्हा समजावून सांगा.

लहान मुलांना खोकून बेडका काढता येत नाही, ते गिळतात. त्यांच्यासाठी सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात किंवा क्षारपाण्याची वाफ देऊन बेडका सोडवतात. हे रुग्णालयातलं काम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात धडपड न करता मुलाला मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत पाठवा.

डबी, लेबल आणि नजर

सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी रुंद तोंडाची, आटे असलेल्या झाकणाची, पारदर्शक, एकदाच वापरायची प्लास्टिकची डबी. कल्चरसाठी पाठवायचा असेल तर ५० मिलीची निर्जंतुक, टोकदार बुडाची फाल्कन ट्यूब. नाव आणि नंबर डबीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. हे नियमापुरतं नाही. स्मिअर करताना झाकण बाजूला ठेवलं जातं आणि चार डब्यांची झाकणं अदलाबदल व्हायला अर्धा मिनिट पुरतो.

प्रयोगशाळेच्या रजिस्टरचा अनुक्रमांक दर वर्षी १ जानेवारीला एकपासून सुरू होतो. एका रुग्णाला एकच नंबर. पहिल्या नमुन्याला त्यापुढे ‘ए’, दुसऱ्याला ‘बी’. निक्षय आयडी, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक, मागणीपत्रावर असलाच पाहिजे. मागणीपत्र डबीला गुंडाळून रबर लावून पाठवायची सवय फार जुनी आणि फार वाईट आहे. डबी गळाली की कागद भिजतो, अक्षर जातं, आणि तो कागद हाताळणारा क्लार्क विनाकारण धोक्यात येतो.

नमुना आला की झाकण न उघडता उजेडासमोर धरून बघा आणि दिसतं ते लिहा. पिवळसर, घट्ट, गाठी असलेला म्हणजे पूयुक्त, चिकट पण पांढरट म्हणजे श्लेष्मल, रक्ताचे धागे असलेला, आणि लाळ. पहिले तीन चालतात. नुसतं लाल रक्त आलं असेल तर तो नमुना नव्हे, ती तातडीची परिस्थिती आहे. आधी डॉक्टरांना बोलवा. लाळ दिसली आणि रुग्ण अजून आवारात असेल तर लगेच परत घ्या. तो निघून गेला असेल तर लाळही तपासा, पण अहवालात ‘लाळ’ असं स्पष्ट लिहा आणि दुसरा नमुना मागवा. लाळेचा नमुना सरसकट फेकून देणं योग्य नाही, कधीमधी त्यातही जंतू सापडतात. पण त्याचं ‘निगेटिव्ह’ हे उत्तर म्हणून धरायचं नाही.

आकडा सांगतो म्हणजे कारण कळेल. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. सीबीनॅटला सुमारे १३० पुरतात. म्हणजे मशीन कितीतरी पट तीक्ष्ण आहे, पण ज्या लाळेत जंतूच उतरले नाहीत त्या लाळेतून तेही काही काढू शकत नाही.

स्मिअर

पंखा बंद. उन्हाळ्यात कूलरही बंद. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं क्रूर वाटतं याची कल्पना आहे, पण कूलरचा झोत उघड्या डबीवरून वाहून सरळ तुमच्या नाकात येतो, आणि काचेवरचा बेडका पसरायच्या आत सुकतो. स्मिअरचं काम सकाळी लवकर उरकायचं, मग कूलर लावायचा. खिडकी उघडी ठेवा आणि हवा तुमच्या पाठीकडून टेबलाकडे, तिथून बाहेर जाईल अशी बैठक मांडा.

काच नवी हवी. धुतलेली जुनी काच वापरू नका : जुने रंगलेले जंतू तिच्यावर चिकटून राहतात आणि ओरखड्यात साचलेला रंग जंतूसारखा दिसतो. एका टोकाला डायमंड मार्करने नंबर कोरा. शाईचा नंबर आम्लात धुऊन जातो.

खराट्याची किंवा बांबूची काडी मधोमध मोडा. मोडलेलं, तंतू निघालेलं टोक बेडक्यासाठी, कारण घट्ट भाग त्यात अडकतो. गुळगुळीत टोकावरून तो घसरतो. एका वेळी एकच डबी उघडायची. पिवळी, दाट गाठ शोधा, तीच उचला; आजूबाजूचं पातळ पाणी नको. काचेच्या मधोमध ठेवून छोट्या छोट्या गोलाकार फिरवण्याने ३ सेंमी लांब, २ सेंमी रुंद असा लंबगोल पसरवा. अंदाज बसेपर्यंत कागदावर तेवढा लंबगोल काढून काचेखाली ठेवा. पसरवलेला थर सुकायला लागला की काडी थांबवा. सुकत आलेल्या थरावर घासल्यास बारीक कण हवेत उडतात. काडी लगेच ५ टक्के फिनॉलच्या भांड्यात. दुसऱ्या रुग्णाला दुसरी काडी, त्याच रुग्णाच्या दुसऱ्या नमुन्यालाही नवी.

काच सपाट ठेवून १५ ते ३० मिनिटं आपोआप वाळू द्या. ज्योतीवर धरून वाळवायची नाही, ओला बेडका तडतडतो. थेट उन्हात ठेवायची नाही. पावसाळ्यात वेळ लागतो, लागू द्या.

वाळल्यावर जाडी तपासायची सोपी खूण : वर्तमानपत्राच्या छापील मजकुरापासून ४-५ सेंमी वर काच धरा. अक्षरं धूसर पण वाचता यावीत. अजिबात वाचता आली नाहीत तर थर जाड आहे, धुताना पापुद्रा निघून जाईल आणि खाली जंतू असले तरी दिसणार नाहीत. अगदी स्वच्छ वाचता आली तर थर विरळ आहे. दोन्ही वेळा नवी काच घ्या. त्याच काचेवर पुन्हा थोडं लावून जमत नाही.

मग स्पिरिट लॅम्पच्या ज्योतीवरून, थर वरच्या बाजूला ठेवून, काच तीन ते पाच वेळा फिरवा, प्रत्येक वेळी ३-४ सेकंद. याने थर काचेला पक्का बसतो. ज्योतीत थांबवून धरलं तर जंतू जळून आकार बिघडतो, आणि कमी शेकलं तर थर नळाखाली सुटतो.

रंग : तयार करणं आणि लावणं

बऱ्याच ठिकाणी रंग तयार मिळतात. तरी कृती माहीत हवी, म्हणजे बिघडल्यावर कारण शोधता येतं. एक लिटर कार्बोल फुक्सिनसाठी बेसिक फुक्सिन १० ग्रॅम, अल्कोहोल १०० मिली, फिनॉल ५० ग्रॅम, बाकी ऊर्ध्वपातित पाणी. इथे बहुतेकांची चूक होते ती फुक्सिनच्या शुद्धतेत. बाटलीवर रंगाचं प्रमाण ८८ टक्के असेल तर १० ग्रॅम नव्हे, १० भागिले ०.८८ म्हणजे ११.३६ ग्रॅम घ्यायचं. हा हिशेब न केल्यास रंग फिका बनतो आणि महिनाभर सगळ्या काचा फिक्या दिसत राहतात. फिनॉलचे स्फटिक पांढरे हवेत. गुलाबी-तपकिरी झालेले टाकून द्या. त्वचेवर पडलं तर भाजतं, हातमोजे घाला.

२५ टक्के सल्फ्युरिक आम्लासाठी ७५० मिली पाणी आधी, त्यात २५० मिली आम्ल, भांड्याच्या कडेने, अगदी सावकाश, भांडं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून. आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही. उकळी फुटून ते तोंडावर उडतं. मिथिलिन ब्ल्यू ०.१ टक्के, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. नवा रंग आला किंवा बनवला की आधी एक माहीत असलेली पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह काच रंगवून बघा. रुग्णाच्या काचा त्यानंतर.

रॅकवर काचा एकमेकींपासून बोटभर अंतरावर, नाहीतर रंग एकीवरून दुसरीवर जातो. गाळलेला कार्बोल फुक्सिन पूर्ण काचेवर ओता. खालून ज्योत फिरवा, वाफ निघायला लागली की थांबा. पाच मिनिटं तसंच. उकळू द्यायचं नाही, सुकू द्यायचं नाही; सुकत असेल तर वरून आणखी रंग. क्षयाच्या जंतूचं आवरण मेणासारखं असतं. उष्णता आणि फिनॉल मिळून रंगाला आत वाट करून देतात, आणि एकदा आत गेलेला रंग आम्लालाही दाद देत नाही. या सगळ्या खटाटोपाचा पाया हाच आहे.

हलक्या धारेने धुवा, पाणी निथळा. २५ टक्के आम्ल २ ते ४ मिनिटं. धुतल्यावर थर अजून लाल दिसला तर आणखी एखाद-दोन मिनिटं आम्ल. फिकट गुलाबी छटा राहिली तर चालते. मिथिलिन ब्ल्यू फक्त ३० सेकंद. जास्त ठेवला तर निळ्या पडद्याआड लाल जंतू लपतात. धुवा, उभी करून वाळवा, टिपकागदाने पुसू नका.

धुण्याच्या पाण्याकडे कोणी बघत नाही. टाकीत, नळाच्या तोंडाला लावलेल्या रबरी नळीत क्षयाचे नसलेले, पण आम्लाला न जुमानणारे त्यांचे भाऊबंद जंतू वाढतात. एका दिवसात अचानक चार-पाच काचा ‘थोड्याशा’ पॉझिटिव्ह आल्या, सगळ्यांत जंतू थराच्या पातळीपेक्षा वर तरंगल्यासारखे दिसतात, तर रुग्णांवर नव्हे, पाण्यावर संशय घ्या. रबरी नळी काढून फेका, धुण्यासाठी उकळून गार केलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरा.

एलईडी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर रंग वेगळा : ०.१ टक्के ऑरामिन २० मिनिटं, न तापवता, ०.५ टक्के आम्ल-अल्कोहोल ३ मिनिटं, ०.५ टक्के पोटॅशियम परमँगनेट १ मिनिट. शेवटचा मिनिट घड्याळ लावून मोजा, जास्त झाला तर जंतूंची चमकच मरते. काचा अंधारात ठेवा आणि २४ तासांच्या आत वाचा.

वाचनाबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र विषय आहे. साध्या पद्धतीत १०० पटीच्या भिंगाने १०० क्षेत्रं (एका वेळी भिंगाखाली दिसणारा गोल म्हणजे एक क्षेत्र) बघायची. एकही जंतू नाही तर निगेटिव्ह. शंभर क्षेत्रांत मिळून १ ते ९ असतील तर ‘स्कँटी’, आणि नेमका आकडा लिहायचा. १० ते ९९ म्हणजे १+. प्रत्येक क्षेत्रात १ ते १० असे निदान ५० क्षेत्रांत दिसले तर २+. दहापेक्षा जास्त असे निदान २० क्षेत्रांत दिसले तर ३+. भिंग आणि काच यांच्यात घालायच्या तेलाच्या ड्रॉपरचं टोक काचेला टेकवू नका. ३+ काचेवरचे जंतू तेलातून पुढच्या काचेवर जातात आणि कोणाला तरी विनाकारण सहा महिन्यांचं औषध लागतं. दिवसाला २०-२५ काचांपुढे डोळे शिणतात.

मशीनसाठी नमुना

आता जिथे सोय आहे तिथे पहिली तपासणीच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (तसंच दुसरं, चिपवर चालणारं मशीन) यांनी होते. जंतूबरोबर रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला त्याचा विरोध आहे का तेही कळतं. उपचार चालू असताना प्रगती बघायला मात्र ही मशीनं वापरायची नाहीत. मेलेल्या जंतूचा डीएनएही ती ओळखतात, त्यामुळे बरा होत आलेला माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. त्यासाठी स्मिअर आणि कल्चर.

सीबीनॅटला किमान एक मिली बेडका. त्यात दुप्पट सॅम्पल रिएजंट, म्हणजे एका मिलीला दोन मिली. झाकण घट्ट करून १० ते २० वेळा जोरात हलवा, खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं ठेवा, मध्ये ५ ते १० मिनिटांच्या दरम्यान एकदा परत हलवा. शेवटी मिश्रण पाण्यासारखं ओतता आलं पाहिजे, गाठी राहता कामा नयेत. मग पिपेटने खुणेपर्यंत २ मिली घेऊन हळूच कार्ट्रिजमध्ये. बुडबुडे आले तर प्रत्यक्षात द्रव कमी गेलेला असतो. रिएजंटची अख्खी बाटली सवयीने एका मिलीवर ओतणारे नवखे असतात. नमुना पातळ होऊन मोजकेच जंतू असलेला रुग्ण हातचा जातो. ‘एरर २००८’ म्हणजे आत दाब वाढला : बहुतेक वेळा न विरघळलेली गाठ किंवा अन्नाचे कण, आपल्याकडे खर्रा. ‘५००७’ आली तर प्रमाण किंवा भरणा चुकला का ते बघा. कार्ट्रिजच्या मागची पातळ चकतीसारखी नळी बोटाने धरायची नाही, कार्ट्रिज हलवायचं नाही, बारकोडवर लेबल चिकटवायचं नाही.

कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवायची असतात आणि मशीन १५ ते ३० अंशांत चालतं. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात एसी ही तिथल्या माणसाची चैन नव्हे. रात्री कुलूप लावताना एसी बंद केला की कपाटातला साठा सकाळपर्यंत शेकून निघतो.

ट्रूनॅटचं सोपं आहे, पण मोजमाप काटेकोर. नमुन्यात लिक्विफॅक्शन बफरचे दोन थेंब, हलवून १० मिनिटं. त्यातलं ०.५ मिली लायसिस बफरच्या बाटलीत, वर पुन्हा दोन थेंब, ३ मिनिटं. सगळं मिश्रण ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये. निघालेल्या द्रवातले ६ मायक्रोलिटर मायक्रोट्यूबमध्ये, मिश्रण स्वच्छ होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं, आणि त्यातले ६ मायक्रोलिटर चिपच्या खळग्यात, टोक न खुपसता.

तालुक्यातून नागपूरला

कल्चर आणि औषधसंवेदनशीलतेसाठी नमुने नागपूरच्या इंटरमीडिएट रेफरन्स लॅबोरेटरीत जातात. तिथे पोचेपर्यंत जंतू जिवंत हवेत आणि तोंडातले इतर जंतू वाढायला नकोत, म्हणून २ ते ८ अंश आणि तीन दिवसांची मर्यादा.

फाल्कन ट्यूबचं झाकण सरळ आट्यात बसवून घट्ट करा. तिरकं बसलं तर घट्ट लागल्याचा भास होतो आणि डांबरी रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्याला गळतं. बाहेरून फिनॉलच्या बोळ्याने पुसा. पॅराफिल्म ज्या दिशेने झाकण बंद होतं त्याच दिशेने ताणून गुंडाळा. उलटं गुंडाळल्यास तुम्हीच झाकण सैल करत असता. ट्यूब झिप-लॉक पिशवीत, शोषून घेणाऱ्या कापसासह. ही पिशवी पक्क्या डब्यात, डबा जेलपॅकसह थर्माकोलच्या पेटीत, ट्यूब उभी. मागणीपत्र वेगळ्या पिशवीत. जेलपॅक आणि ट्यूब यांच्यात पुठ्ठा ठेवा, नमुना गोठायला नको. बर्फाचे तुकडे नकोत. वितळलेल्या पाण्यात लेबलं सुटतात.

पेटी पाठवेपर्यंत नमुना फ्रिजमध्ये ठेवा, पण लसींच्या खास फ्रिजमध्ये, आयएलआरमध्ये, अजिबात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘जागा आहे तर ठेवू’ हा मोह नेहमी होतो. नमुन्यांसाठी वेगळा फ्रिज नसेल तर संकलनाचा दिवस पेटी जायच्या दिवशीच ठरवा. उन्हाळ्यात रामटेकहून मोटारसायकलच्या मागे बांधलेली पेटी दुपारी बाराला निघाली तर जेलपॅक नागपूरच्या वेशीपर्यंतही टिकत नाहीत. सकाळी सहा-सातला काढा. सीबीनॅटला जाणारा नमुना ३५ अंशांपर्यंत तीन दिवस टिकतो खरा, पण एप्रिलपासून आपल्याकडे ३५ अंश सावलीतही मिळत नाही, त्यामुळे त्यालाही पेटीच.

कल्चर प्रयोगशाळेत पुढे काय होतं ते माहीत असलं की हा आग्रह का, ते कळतं. बेडक्याइतकंच एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साइडचं मिश्रण घालतात. एनएएलसी चिकटपणा तोडतं, सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) इतर जंतू मारतो. पंधरा मिनिटांनंतर फॉस्फेट बफरने तो सौम्य करतात, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जीला (गुरुत्वाच्या तीन हजार पट जोराने) १५-२० मिनिटं फिरवतात आणि तळाचा गाळ एमजीआयटीत (द्रव माध्यमाच्या नळीत) किंवा एलजे या घट्ट माध्यमावर पेरतात. सोडा क्षयाचेही काही जंतू मारतोच. उन्हात आंबलेल्या नमुन्यात इतर जंतू इतके वाढलेले असतात की तेवढ्या सोड्याला पुरून उरतात, आणि कल्चर ‘कंटॅमिनेटेड’ येतं. एमजीआयटीत निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस, एलजेवर आठ आठवडे थांबावं लागतं. तेवढ्यासाठी रुग्णाला पुन्हा बोलावणं किती जड जातं ते तालुक्यात काम करणाऱ्यांना सांगायला नको. हे सोडा घालून फिरवण्याचं काम सुरक्षा-कॅबिनेटशिवाय कधीच करायचं नाही. थेट स्मिअर उघड्या टेबलावर चालतो, सेंट्रिफ्यूज चालत नाही.

सांडलं तर, आणि संध्याकाळी

उघडी डबी पडली तर आधी खोलीतून बाहेर, दार लावून अर्धा तास थांबा, हवेतले थेंब निघून जाऊ द्या. मग एन९५ आणि हातमोजे घालून सांडलेल्यावर कापड झाका, त्यावर ५ टक्के फिनॉल बाहेरून आत असं ओता, पुन्हा अर्धा तास. उचलायला चिमटा, हात नाही.

वापरलेल्या डब्यांची झाकणं काढून डब्या आणि झाकणं दोन्ही फिनॉलमध्ये पूर्ण बुडवा; झाकण लावलेली डबी वर तरंगते आणि आत औषध जात नाही. रात्रभर ठेवून, किंवा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मगच जैववैद्यकीय कचऱ्यात. टेबल दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी ५ टक्के फिनॉलने पुसा. वाचून झालेल्या काचांवरचं तेल घासून काढू नका, टिश्यूवर उपड्या ठेवा, तेल आपोआप शोषलं जातं. मग रजिस्टरच्या क्रमानेच, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगळ्या न करता, पेटीत लावा. एसटीएलएस, म्हणजे प्रयोगशाळांवर देखरेख करणारे वरिष्ठ पर्यवेक्षक, फेरतपासणीसाठी त्यातूनच काचा उचलतात, निकाल न बघता. पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, ओलीने काचांवर बुरशी धरते आणि तुमची बरोबर वाचलेली काच फेरतपासणीत चुकीची ठरते.